जिनं ह्यांना सोडवलं

मुलगी झाल्यावर माझ्या दोन्ही गालांवर वांग उठलं, ते काही गेलं नाही. त्यासाठी मी एक क्रीम लावते. त्या क्रीमचं नाव ह्यांच्या कधीच लक्षात राहत नाही. म्हणून त्या रविवारी हे सामान आणायला निघाले तेव्हा मी संपत आलेली ट्यूबच ह्यांच्या शर्टाच्या खिशात घातली.

"हीच बघून आणा," मी म्हटलं. "मागच्या खेपेला भलतीच आणली होती."

"बरं," म्हणाले आणि गाडीला किक मारून गेले.

ह्यांचं मोटार रिवायंडिंगचं छोटं दुकान आहे. शेतकरी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी आणून टाकतात, हे त्यांत नवी तार भरून देतात. मी बालवाडीत शिकवते. आम्ही जुळे सोलापुरात राहतो, आणि महिन्याचं सामान भरायला किराण्यापासून बादलीपर्यंत सगळं मिळणाऱ्या एका मोठ्या दुकानात जातो. एरवी मीही जाते. त्या दिवशी मुलीला ताप होता म्हणून घरी राहिले. नंतर हे मला इतक्यांदा आठवलं की तापाचाही राग यायला लागला.

हे दोन तासांतही आले नाहीत. मग ह्यांच्याच नंबरवरून फोन आला, पण आवाज बाईचा.

"वैनी का? घाबरू नका. अण्णांना सिव्हिलला आणलंय. तुम्ही या."

"कोण अण्णा?"

"तुमचे मिस्टर की."

मुलीला शेजारी ठेवून मी रिक्षा केली. सिव्हिलच्या लांब व्हरांड्यात बाकड्यावर हे बसले होते, डोकं मागं भिंतीला टेकवून, डोळे मिटून. शर्टाचा खिसा फाटून लोंबत होता. डावा गाल आणि कान सुजून एक झाला होता. शेजारी एक बाई बसलेली, दुकानाचा लाल टी-शर्ट घातलेली, वर ओढणी. त्या ओढणीचं टोक ह्यांच्या मुठीत होतं. लहान पोर आईचा पदर धरतं तसं घट्ट धरलेलं.

आधी मला ती मूठ दिसली. गाल नंतर.

"काय झालं?" मी विचारलं. ह्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि मूठ सोडली. पण बोलले काहीच नाहीत. बोलली ती.

ती त्या दुकानात साबण-पावडरीच्या रॅकपाशी कामाला होती. सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली. घरी तेलुगू बोलायची, त्यामुळं मराठी बोलताना वाक्य मध्येच हेलकावा घ्यायचं. सावळी, उंच, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. गाल नितळ. हे मी तेवढ्यातही बघून घेतलं.

तिनं सांगितलं ते असं, काही बघितलेलं, दाराशी झालेलं बिलिंगवरच्या मुलींकडून ऐकलेलं. ह्यांनी तिला खिशातली ट्यूब दाखवून अशीच पाहिजे म्हटलं. ती संपली होती, सोमवारी येईल असं तिनं सांगितलं. ह्यांनी ट्यूब परत खिशात ठेवली, बाकीच्या सामानाचं बिल केलं आणि दाराशी आले. तिथं दोन गार्ड असतात, बिल आणि पिशवी ताडून बघतात. एकाला खिशातली ट्यूब दिसली.

"ही बिलात न्हाय."

"घरची आहे. बघा की, अर्धी संपलेली आहे."

"घरची क्रीम खिशात घालून कोण फिरतंय? आत जाऊन पिळलीस आन् म्हणतोस घरची?"

हे म्हणाले, त्या रॅकवरच्या बाईला विचारा. कोणी विचारलं नाही. कॉलर धरली. रांगेतली माणसं बघत राहिली, एकदोघांनी मोबाइल वर धरला. ह्यांनी हात झटकला, तेवढंच निमित्त झालं. दोघांनी उचलून मागच्या खोलीत नेलं.

तिला कळलं ते बिलिंगवरच्या मुलींच्या बोलण्यातून, क्रीम चोरणारा सापडला म्हणून. ती लगेच निघाली. सुपरवायझरनं सांगितलं होतं, आपापली जागा सोडायची नाही. दाराला आतून कडी होती, फटीतून आतलं सगळं दिसत होतं; ती धडका देत राहिली आणि कडी निघाली तशी आत गेली.

"आत काय चाललं होतं?" मी विचारलं.

तिनं ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी मान फिरवली.

"मारत होते, वैनी," एवढंच म्हणाली. "मी मध्ये गेले."

तिच्या मनगटाला रुमाल बांधलेला होता, त्यातून रक्त वर आलं होतं. बांगड्या फुटून रुतल्या होत्या. मी तिचे आभार मानायला हवे होते, आणि मानलेही. पण मनात एकच घोळत होतं. ह्यांच्या मोबाइलचं लॉक मलासुद्धा माहीत नव्हतं.

"फोन कुणी उघडून दिला?" मी विचारलं.

"अण्णांनीच की," ती म्हणाली.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा फाटलाय. आपोआप भरेल किंवा नाही भरणार, बघू. मांड्यांवर प्लास्टिकच्या पाइपचे वळ होते. ते मला डॉक्टरांच्या बोलण्यातून कळलं, कारण घरी आल्यावर ह्यांनी मलम लावायला मला जवळ येऊ दिलं नाही. न्हाणीत जाऊन आतून कडी लावली आणि स्वतःच लावलं.

"दाखवा तरी," मी दाराबाहेरून म्हटलं.

"काही नाही. झालं ते झालं."

पोलिसांनी पहिल्या दिवशी साधी तक्रार लिहून घेतली. जबाबात ह्यांनी दोनच वाक्यं सांगितली, गैरसमजातून मारलं आणि माझी काही चूक नव्हती. त्या पलीकडं एक शब्द नाही. मी खोदून खोदून विचारलं. कोणी मारलं, किती जण होते, तुम्ही काय म्हणालात? हे टीव्हीचा आवाज वाढवायचे. एका कानानं कमी ऐकू येतं म्हणून वाढवतात असं मला आधी वाटलं.

ऐकून सासूबाई मोडनिंबहून आल्या. लेकाचा गाल कुरवाळून रडल्या, मग डोळे पुसून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ती पोरगी कुटं राहती गं?"

"का, आत्या?"

"का म्हंजे? तिला जेवाय बोलाव की. माझं लेकरू तिनं माघारी दिलं. मानूस मारत असल्यावर मधी कोण पडतंय आजकाल? आपली मानसं बी पडत न्हाईत."

त्यांना टोमणा मारायचा नव्हता, मला ठाऊक आहे. पण तो लागायचा तिथं लागला. गल्लीतही तेच. पाणी भरताना, दळणाच्या गिरणीत, शाळेच्या दारात, जी भेटेल ती विचारायची, "ते ऐकलं, लई वाईट झालं. पण ती बाई धन्य हाय की हो!" सगळ्यांना तीच पाहिजे होती. मी त्या गोष्टीत कुठंच नव्हते. फार तर ट्यूब पाठवणारी.

मग रविवारी ती जेवायला आली. तोवर तिची नोकरी गेली होती. जागा सोडल्याचं कारण दाखवून तिला घरी बसवलं होतं. तरी ती येताना मुलीसाठी लाल-हिरव्या बांगड्यांचा जोड घेऊन आली. मुलगी तिला चिकटली, सासूबाईंनी तिला पाटावर बसवून आधी वाढलं. मी बाजरीच्या भाकरी थापत होते आणि पाठीमागचं सगळं ऐकत होते.

हे तिच्या डाव्या हाताला बसले होते. म्हणजे ह्यांचा चांगला, उजवा कान तिच्याकडं, आणि फुटका कान चुलीकडं, माझ्याकडं. मी दोनदा विचारलं, आमटी वाढू का? ह्यांना ऐकूच आलं नाही. तिसऱ्यांदा तिनं सांगितलं, "अण्णा, वैनी आमटी विचारतायत."

तिनं मग ह्यांना कानाचं विचारलं. आणि हे बोलायला लागले! "सारखा आवाज येतो. मोटारीचं बेअरिंग जायला लागलं की कशी घरघर येते, तसा. बंद करायला जावं तर बटन नाही." ती हसली, हेही हसले. मग सांगत राहिले, की मोटार चालू करून तिच्या अंगाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा आणि त्याची मूठ कानाला लावायची, म्हणजे आत काय बिघडलंय ते कळतं. आजवर डाव्या कानानं ऐकत आलो, आता उजव्याला शिकवतोय, पण त्याला कळत नाही, तो ढ आहे.

मला हे काहीच माहीत नव्हतं. मी रोज विचारत होते, कान कसा आहे, आणि रोज मला एकच उत्तर मिळत होतं, बरा आहे. माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली.

"वैनी, वास येतोय," तीच म्हणाली.

ती गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "भावावानी माया करती बघ. अण्णा म्हनती."

"हो," मी म्हटलं.

त्यांना वाटायचं, अण्णा म्हटलं की विषय संपला. मलाही ती ह्यांच्यावर डोळा ठेवून आहे असं कधी वाटलं नाही. तसं असतं तर सोपं होतं, भांडता आलं असतं. मला वेगळंच डाचत होतं. त्या खोलीत हे कसे होते, ते तिनं पाहिलं होतं. तिच्यापुढं लपवायला ह्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं, म्हणून हे तिच्यापुढं मोकळे होते. माझ्यापुढं मात्र सकाळी भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून, काही झालंच नाही अशा तोंडानं चहा प्यायचे.

तिचे फोन यायचे. हे उजव्या कानाला लावून फाटकापर्यंत जायचे. वकील काय म्हणाले, ठाण्यात कधी जायचं, एवढंच असायचं बहुतेक. तरी मी खिडकीत उभी राहून ह्यांची पाठ बघायचे. खांदे कधी हलतात, हसतायत का. मोबाइल उघडताना बोट कसं फिरतं, ते मी बघून ठेवलं आणि हे अंघोळीला गेल्यावर एकदा सगळं वाचलं. "उद्या अकराला ठाण्यात." "बरं." "कानाचं सर्टिफिकेट घेऊन या." "हो." बाकी काही नाही. काहीतरी सापडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

एका शनिवारी बालवाडी सुटल्यावर मी त्या दुकानात गेले. मला ती खोली बघायची होती. ती बघून आली, मग मी का नाही, एवढाच विचार डोक्यात होता.

दाराशी एकच गार्ड होता. पन्नाशीचा, रापलेला, गणवेश दोन मापं मोठा.

"ताई, पिशवी हितं ठिवा," तो म्हणाला.

मी पिशवी ठेवली नाही. "माझ्या माणसाला मारलं ते तुम्हीच का?"

त्याला लगेच कळलं कोण ते. त्यानं आजूबाजूला बघितलं. "मी न्हाय मारलं, ताई. देवाशपथ. मारनारा दुसरा, तो पैलवान गडी. त्याला दुसऱ्या दुकानावर धाडला. मी निस्तं धरलं हुतं."

"निस्तं धरलं होतं?"

"व्हय." तो जे सांगत होता ते काय आहे, हे त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. त्यानं मान खाली घातली. "आमी सांगोल्याकडची मानसं. मेंढरं इकून हितं आलो. वरनं सांगत्यात, माल कमी पडला तर तुमी काय झोपा काढता का? कुनाला तरी धरून दाखवावं लागतंय."

"ती खोली कुठंय?"

"तितं जाता येत न्हाय."

पण त्याचे डोळे गेले तिकडं मी बघितलं. शेवटच्या रॅकच्या मागं एक करड्या रंगाचं दार होतं. तेवढ्यात आतून एक मुलगा रिकामी खोकी घेऊन बाहेर आला, दार अर्धवट उघडं राहिलं. आत फरशी, ट्यूबलाइट, पावाचे क्रेट आणि घडी घातलेली खोकी. एवढीच खोली. मी बघत राहिले, पण तिथं काही दिसेना. जे दिसायला हवं होतं ते तिच्याच डोळ्यांत राहिलं होतं.

परत निघताना तो गार्ड मागून आला. "ताई, एक सांगू का? तुमचा मानूस लई सोसून होता. पैलवानानं एवडं हाणलं तरी चोर हाय म्हन म्हटलं तर म्हनत नव्हता. मग सुपरवायझर म्हनला, याच्या बायकूला फोन लावा, तिला हितं बोलवा. तवा मातर तो खाली बसला. पाया पडला. म्हनला, तिला नका बोलवू, तुमी म्हनाल ते म्हनतो."

"आणि म्हणाले?"

"म्हनायच्या आत ती पोरगी आली की."

मी बसस्टॉपवर बराच वेळ बसून राहिले. बस आली आणि गेली. कुणी म्हणेल, ह्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? नवऱ्याला तुझी किती पर्वा, ते बघ. पण मला ते तसं वाटलं नाही. दाराशी ह्यांनी रॅकवरच्या अनोळखी बाईला विचारा म्हटलं, आणि आत मार खाताना मला बोलवू नका म्हणून पाया पडले. तिला बघायची मुभा होती आणि मला मनाई. असंच मला त्या बसस्टॉपवर वाटलं आणि मी रडले, आणि रडताना रागही येत होता, कुणाचा ते धड कळत नव्हतं.

घरी मी काही बोलले नाही.

पुढं कानाच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट गेल्यावर पोलिसांनी रीतसर गुन्हा नोंदवला. दोन्ही गार्डांवर आणि सुपरवायझरवर. त्याबरोबर पुण्याहून दुकानाचा मोठा साहेब आला. आमच्या घरी येऊन सोफ्याच्या कडेवर बसला, चहा घेतला, माफी मागितली. कानाचा सगळा खर्च देतो म्हणाला, त्या बाईला नोकरीवर परत घेतो म्हणाला. फक्त तेवढी तक्रार पुढं नेऊ नका.

साहेब गेल्यावर हे म्हणाले, "मिटवून टाकावं म्हणतो."

सासूबाईंना तेच पाहिजे होतं. कोर्टाची पायरी नको. मी कपबशा उचलून आत नेल्या.

ह्यांनी तिला फोनवर सांगितलं आणि ती तासाभरात घरीच आली. उन्हातून आलेली, घामाघूम. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"अण्णा, मिटवणार म्हणे तुम्ही?"

"तुझी नोकरी परत देतायत."

"मी मागितली का? त्या रॅकपाशी परत उभी राहू मी? त्या दारासमोर?" तिचा आवाज चढला. मी तिला पहिल्यांदाच रागावलेली बघत होते. "उद्या अजून कुणाला नेतील आत. त्या दिवशी मी होते. उद्या मी नसेन की."

"अगं, कोर्टात उभं राहून सगळं सांगावं लागतं." हे खाली बघत होते. "पोलीस म्हणतात, पुरवणी जबाब द्या, एकन् एक गोष्ट सांगा. मला नाही सांगायचं. लोकांपुढं ते... मला नाही जमणार."

"नका सांगू," ती म्हणाली. "मी सांगते. मी बघितलंय सगळं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगते. तुम्ही नुसतं हो म्हणा."

तिचं हे वाक्य पुरं व्हायच्या आत मी उठले होते.

"तू नाही सांगायचं," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सासूबाईसुद्धा.

"वैनी..."

"तुझ्या तोंडून मला ऐकायचं नाही. इतके दिवस जे काही कळतंय ते तुझ्याकडून, नाहीतर त्या गार्डकडून. माझ्या घरातलं मला बाहेरून कळतंय." मग मी ह्यांच्याकडं वळले. उजव्या बाजूनं गेले, ऐकू यावं म्हणून. "तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं. मी तिथं बसणार. तुम्ही पाया पडलात, तेही मला कळलंय. आता राहिलंय काय लपवायचं?"

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, काय बोलतीस?" ती दाराशी उभी होती. तिला वाटलं असेल, वैनी केसच्या बाजूनं बोलतेय. तिनं माझ्याकडं इतक्या मायेनं बघितलं की मला तिचा अजूनच राग आला.

मग हे म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

"मी गेले होते तिथं."

"एकटी?"

"तुम्ही एकटेच गेला होता ना?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं ठाण्यात गेलो. हवालदार संगणकावर टाइप करत होता, पंखा करकरत होता. जबाब देणाऱ्यानंच आत बसायचं असतं, पण मी उठणार नाही असं माझ्या तोंडावरून त्यांना दिसलं असेल, कुणी काही म्हटलं नाही. तिचाही जबाब घ्यायचा होता म्हणून ती मागच्या खुर्चीवर होती.

ह्यांनी सांगायला सुरुवात केली. थांबत थांबत. उठाबशा काढायला लावल्या. मोजायला लावल्या, चुकलं की पहिल्यापासून. म्हाताऱ्या गार्डनं मागून दोन्ही दंड धरले आणि पैलवानानं उघड्या पंज्यानं कानावर मारली, तेव्हा आधी दुखलं नाही, आधी सगळं एकदम गप्प झालं. सुपरवायझर मोबाइलवर शूटिंग करत होता. बोल, मी चोर आहे. पुढचं सांगताना ह्यांचा आवाज गेला. टेबलावरचा पेपरवेट हातात घेऊन हे रडले. हवालदारानं टाइप करायचं थांबवलं आणि पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

लग्न झाल्यापासून मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. वडील गेले तेव्हाही नाही. हेच मला बघायचं होतं, ह्याच्यासाठीच मी इतके दिवस जळत होते. आणि बघताना मला काय दिसलं, तर प्रत्येक वाक्यानंतर हे मान वळवून मागच्या खुर्चीकडं बघत होते. बरोबर आहे ना? असंच झालं ना? ती मान हलवायची, मग हे पुढचं सांगायचे. तिनं हो म्हटल्याशिवाय ह्यांना स्वतःच्या हालांचीसुद्धा खात्री नव्हती.

मी पदर तोंडाला लावून बसले. लोकांना वाटलं असेल, नवऱ्याचं ऐकून बाईला भरून आलं. तेही होतंच.

जबाबानंतर घरी आल्यावर ह्यांनी पहिल्यांदा न्हाणीची कडी लावली नाही. तोवर वळ जाऊन नुसते काळे पट्टे राहिले होते, मलमाचं काही काम नव्हतं. तरी मी लावलं. मलम संपेपर्यंत हळूहळू लावत बसले.

कानाचा पडदा अर्धा भरला, पुरता नाही. दुकान चाललंय. उजवा कान शिकतोय म्हणतात. तिला आता एका टॉवेल-चादरीच्या दुकानात काम मिळालंय, पहिल्यापेक्षा बरं आहे, बसायला खुर्ची मिळते. शूटिंग पुसून टाकलं होतं, पण त्या म्हाताऱ्या गार्डनं खोलीत काय झालं ते पोलिसांना सांगितलं. आरोपपत्र गेलं. आता कोर्टाच्या तारखा पडतात. प्रत्येक तारखेला आम्ही तिघं जातो. मी बालवाडीतून रजा काढते. तुझी गरज नाही, असं हे एकदा म्हणाले. परत म्हणाले नाहीत. डबा मी तिघांचा नेते, कारण नाही नेला तर ती आणते, आणि ती आणते ती मसाल्याची वांगी ह्यांना माझ्या हातच्यापेक्षा जास्त आवडतात.

अजूनही ते दोघं पुढं चालत असले की मी पाऊल उचलते. अजूनही फोन वाजला की मी कान टवकारते. आधीइतकं नाही. पण गेलं असं म्हणवत नाही.

मागच्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते. पायऱ्यांवर आम्ही बसलो असताना तो पैलवान आला. मी त्याला पहिल्यांदाच जवळून बघितलं. विशीतला पोरगा, मानेला माज नाही, दाढी वाढलेली. मागं जरा लांब त्याची आई उभी होती, डोक्यावर पदर, पायात वहाण नाही.

त्यानं ह्यांच्यापुढं हात जोडले. "दादा, मिटवा की. चूक झाली. गावाकडं गेलो तर लोक कोर्टातला म्हनत्यात. मला कुटं काम मिळंना."

हे उठून उभे राहिले. कानामागून घाम ओघळत होता. ज्या पंज्यानं कान फोडला, तो पंजा समोर जोडलेला होता. मला वाटलं, आता हे मान वळवून तिच्याकडं बघतील. मी तयारच होते.

हे माझ्याकडं वळले. "काय म्हणतेस?" म्हणाले.

मग मी म्हटलं, "त्याला जे सांगायचं ते पुढच्या तारखेला जजसाहेबांपुढं सांगू दे. आपण नाही म्हणणार नाही, हो पण म्हणणार नाही."

हे त्याला तेच म्हणाले, माझेच शब्द, तसेच्या तसे. पोरगा आईला घेऊन फाटकाकडं गेला. मला त्याच्या आईचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर, घरी गेल्यावर.

तेव्हा मी पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं, हे मला विचारून बोलले ते तिच्या लक्षात आलं का म्हणून. तिचं लक्षच नव्हतं. ती वाकून पर्समध्ये पाण्याची बाटली शोधत होती.